इतिहासासह स्थलांतर : पाठचिकित्सेच्या दृष्टीने एक विचार

१

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांच्या व्यवहारात एक पदबंध गेली काही दशके रूढ आहे : 'इतिहास अबाधित राखून भांडाराचे स्थलांतर'. येथे भांडार म्हणजे त्या क्षेत्रात ज्याला 'रिपॉझिटरी' म्हणतात ते. एखादी आज्ञावली अनेकांनी मिळून, अनेक वर्षे लिहिली जाते. तिच्या मजकुरात होणारा प्रत्येक बदल कोणी केला, केव्हा केला आणि कोणते कारण सांगून केला, याची नोंद आवृत्ती-नियंत्रणाची एक व्यवस्था ठेवीत असते. मजकूर आणि त्याच्या घडणीच्या या नोंदी मिळून भांडार बनते. पुढे व्यवस्था जुनी होते, तिचा परवाना काढून घेतला जातो, किंवा ती चालवणारी संस्था आपले काम थांबवते. मग भांडार एका व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत न्यावे लागते. अशा वेळी केवळ मजकूर न नेता त्याच्या बदलांचा इतिहासही न्यावयाचा, अशी अपेक्षा असते. वरील पदबंधात ती अपेक्षा व्यक्त झाली आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला या व्यवहाराचे काय प्रयोजन, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, आवृत्ती-नियंत्रणाखाली वाढलेला मजकूर ही आपली घडण स्वतःच नोंदवीत गेलेली संहिता असते. पाठचिकित्सकाला पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रती ताडून जे अंशतः आणि कष्टाने हाती लागते, ते येथे संहितेबरोबरच उपलब्ध असते. १९८३मध्ये जेरोम मॅगन यांनी संहिता ही एकट्या लेखकाच्या अंतिम हेतूची निर्मिती नसून सामाजिक व्यवहाराची निर्मिती आहे, असे प्रतिपादन केले. आवृत्ती-नियंत्रणाच्या भांडारात हे प्रतिपादन सिद्धान्ताच्या पातळीवर राहत नाही; ते ओळीओळीला दाखवता येते. म्हणूनच असे भांडार हलवले जाते तेव्हा नेमके काय घडते, हा प्रश्न संहिताविचाराच्या कक्षेत येतो.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे : इतिहासासह केलेले स्थलांतर हे वहन नसते, ते संपादन असते. जुन्या व्यवस्थेने जे नोंदवले नव्हते ते नव्या व्यवस्थेला हवे असते, आणि जुनीने जे नोंदवले होते त्याला नवीत जागा नसते. ही तफावत भरून काढताना कोणाला तरी निर्णय घ्यावे लागतात. असे निर्णय टाळता येत नाहीत, त्यामुळे ते घेतल्याबद्दल आक्षेप घेण्याचे कारण नाही. आक्षेपाचा मुद्दा निराळा आहे. साक्षीने मिळालेला इतिहास आणि अनुमानाने रचलेला इतिहास हे स्थलांतरानंतर एकाच वेशात वाचकासमोर उभे राहतात, आणि 'अबाधित' हा शब्द त्यांच्यातील भेद झाकून टाकतो.

२

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, 'इतिहास' या शब्दाचा अर्थ सर्व व्यवस्थांमध्ये एकच नाही. १९७२मध्ये बेल प्रयोगशाळेत मार्क रॉकाइंड यांनी 'एससीसीएस' ही व्यवस्था रचली. तिच्यात एका फायलीच्या सगळ्या आवृत्ती एकमेकींत विणलेल्या असतात. एखादी ओळ कोणत्या आवृत्तीत आली आणि कोणत्या आवृत्तीत गेली, हे त्या ओळीशीच निगडित असते; कोणतीही एक आवृत्ती पूर्णरूपाने ठेवलेली नसते. १९८०च्या दशकारंभी पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी केलेल्या 'आरसीएस'मध्ये याउलट मुख्य शाखेची ताजी आवृत्ती पूर्ण ठेवली जाते, आणि तिच्यापासून मागे जाण्यासाठी लागणारे फरक तेवढे नोंदले जातात. पहिल्या व्यवस्थेत सर्व काळ समकालीन आहेत. दुसरीत वर्तमान पूर्ण असून भूतकाळ त्याच्यापासून साधित आहे. या दोन निराळ्या इतिहासदृष्टी आहेत, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त ठरू नये.

'सीव्हीएस' ही व्यवस्था 'आरसीएस'च्याच पायावर उभी राहिली. तिच्यात इतिहास प्रत्येक फायलीचा स्वतंत्र असतो. एका लेखकाने एकाच हेतूने दहा फायलींत बदल केला, तरी व्यवस्थेच्या लेखी त्या दहा सुट्या घटना असतात. त्यांना जोडणारी 'एक कृती' नोंदली जात नाही. २००४मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झालेल्या 'सबव्हर्जन'ने हे बदलले. तेथे सबंध भांडाराला एकच क्रमांक असतो, आणि प्रत्येक कृतीगणिक तो एकाने वाढतो. फायलीचे नाव बदलले तर 'ही अमुक फायलीची प्रत आहे' अशी स्पष्ट नोंद तेथे होते.

एप्रिल २००५मध्ये लिनस टॉरवॉल्ड्स यांनी 'गिट' लिहिले आणि इतिहासाची कल्पना पुन्हा पालटली. 'गिट'मधील प्रत्येक नोंद सबंध संहितेचे त्या क्षणीचे चित्र असते. दोन चित्रांतील फरक साठवलेला नसतो, तो वाचणाऱ्याच्या मागणीवरून काढला जातो. नोंदीचे नाव हे चाळीस षोडशमान अंकांचे असून ते तिच्या आशयावरूनच गणिताने सिद्ध होते. आणि त्या आशयात आधीच्या नोंदीचे नावही समाविष्ट असते. परिणामी, मागील एका नोंदीतील एक अक्षर बदलले तरी तिच्यापुढील सर्व नोंदींची नावे बदलतात. शिवाय 'गिट' लेखक आणि नोंदकर्ता अशा दोन व्यक्ती वेगळ्या मानते. बदल लिहिणारा एक आणि तो भांडारात दाखल करणारा दुसरा, हे तिला ठाऊक असते. 'सबव्हर्जन'मध्ये मात्र दाखल करणाऱ्याचे खातेनाव तेवढे असते.

फूको यांनी १९६९च्या आपल्या व्याख्यानात लेखक ही व्यक्ती नसून प्रवचनाच्या व्यवहारातील एक कार्य आहे, असे मांडले होते. येथे ते कार्य नोंदीतील एका रकान्याच्या रूपाने समोर येते. रकाने किती आणि त्यांची नावे काय, यावर लेखक कोण हे ठरते. व्यवस्था बदलली की रकाने बदलतात. आणि रकाने बदलले की लेखकही बदलू शकतो.

३

आता प्रत्यक्ष रूपांतराकडे वळू. 'सीव्हीएस'मधून 'सबव्हर्जन'मध्ये जाताना सुट्या घटनांतून 'कृती' घडवावी लागते. त्यासाठीची साधने एक साधा तर्क वापरतात : एकाच व्यक्तीने, एकच टीप देऊन, काही मिनिटांच्या अंतरात केलेले बदल हे एका कृतीचे भाग मानावेत. हा तर्क बहुधा बरोबर ठरतो. पण तो तर्क आहे, नोंद नव्हे. 'किरकोळ दुरुस्ती' अशी एकच टीप लागोपाठच्या दोन स्वतंत्र बदलांना दिलेली असेल, तर दोन हेतू एका कृतीत विलीन होतील. आणि संथ संपर्कव्यवस्थेमुळे एक कृती लांबली असेल, तर तिचे तुकडे पडतील. 'सीव्हीएस'मधील एखादी खूण निरनिराळ्या क्षणींच्या फायलींवर मिळून पडलेली असू शकते. म्हणजे त्या खुणेने दर्शवलेली संहिता भांडारात कोणत्याही एका क्षणी अस्तित्वात नसेलही. नव्या व्यवस्थेला मात्र असा क्षण लागतो, म्हणून तो निर्माण करावा लागतो. 'सीव्हीएस-टू-एसव्हीएन' हे साधन अशा नोंदीत, ती आपण घडवलेली आहे, असे स्वतःच लिहून ठेवते. या प्रामाणिक वाक्याकडे आपल्याला पुढे पुन्हा यावे लागेल.

'सबव्हर्जन'मधून 'गिट'मध्ये जाताना खातेनावांच्या जागी पूर्ण नाव आणि विरोपाचा पत्ता लागतो. त्यासाठी एक यादी तयार केली जाते : अमुक खाते म्हणजे अमुक व्यक्ती. वीस वर्षांपूर्वीचे तीन अक्षरांचे खातेनाव कोणाचे होते, हे आठवणाऱ्यांना विचारावे लागते. त्या व्यक्तीने पुढे नोकरी बदलली असेल, नाव बदलले असेल. अशा वेळी कोणते नाव घालावे, हा संपादकीय प्रश्न आहे. याशिवाय 'सबव्हर्जन'मध्ये शाखा म्हणजे केवळ एका निर्देशिकेची प्रत असते. कोणती निर्देशिका शाखा मानावी आणि कोणती नुसती निर्देशिका, हे संकेताने ठरते. संकेत पाळला गेला नसेल तेथे संपादक ठरवतो.

स्थलांतरात केवळ भर पडते असे नाही, साक्ष गळतेही. 'सबव्हर्जन'ने स्पष्ट नोंदलेले नामांतर 'गिट'मध्ये नोंदले जात नाही. दोन फायलींतील मजकूर पुरेसा सारखा असेल, तर एक दुसरीपासून आली असावी असे 'गिट' वाचनाच्या वेळी अनुमानते. सारखेपणाची प्रचलित मर्यादा ५० टक्के आहे. एकेकाळी लेखकाने केलेले विधान येथे वाचकाच्या अनुमानावर सोपवले जाते. लेखकाने नाव बदलतानाच मजकुराचाही मोठा भाग पालटला असेल, तर जुन्या व्यवस्थेत दिसणारे नाते नव्या व्यवस्थेत दिसणारच नाही.

शेवटचा प्रश्न अंतर्गत संदर्भांचा आहे. जुन्या टिपांतून 'अमुक क्रमांकाच्या आवृत्तीत केलेला बदल मागे घेतला' अशी वाक्ये असतात. क्रमांक गेले की ही वाक्ये निराधार होतात. नोव्हेंबर २०१४मध्ये 'इमॅक्स' या संपादन-प्रणालीचे भांडार 'बझार' या व्यवस्थेतून 'गिट'मध्ये नेले गेले, तेव्हा एरिक रेमंड यांनी अशा संदर्भांच्या जागी काळ आणि कर्ता यांवरून नोंद ओळखणारी, कोणत्याही व्यवस्थेवर अवलंबून नसलेली खूण घातली. उपाय चतुर आहे, आणि दूरदृष्टीचाही. परंतु त्यासाठी पूर्वसूरींच्या टिपांचे शब्द बदलावे लागले, हेही तितकेच खरे. संदर्भ जिवंत ठेवण्यासाठी त्याचा पाठ पालटावा लागतो, असा हा पेच आहे.

४

या पेचातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे इतिहास न नेणे. लिनक्सच्या गाभ्याचे भांडार २००२पासून 'बिटकीपर' या खाजगी व्यवस्थेत होते. तिच्या मोफत वापराची सवलत २००५मध्ये मागे घेतली गेली, आणि त्यातूनच 'गिट' जन्मली. १६ एप्रिल २००५ रोजी टॉरवॉल्ड्स यांनी २.६.१२ या आवृत्तीची दुसरी पूर्वप्रत नव्या व्यवस्थेत पहिली नोंद म्हणून दाखल केली. त्या नोंदीच्या टिपेत त्यांनी मोकळेपणाने सांगितले की, पूर्ण इतिहास हाती असूनही आपण तो आणीत नाही. तो आणला तर ३.२ गिगाबाइट जागा व्यापेल आणि आरंभीच्या दिवसांत विनाकारण गुंता होईल. हवे असल्यास त्याचे वेगळे भांडार नंतर करता येईल. पुढे थॉमस ग्लायक्सनर यांनी 'बिटकीपर'-काळाचे तसे भांडार तयार केलेही. 'गिट'मध्ये दोन इतिहासांना एकमेकांशी जोडून वाचण्याची सोय आहे. झाडाला कलम करावे तशी ती जोड वाचकाला आपल्यापुरती करून घेता येते.

पाठचिकित्सेच्या दृष्टीने ही भूमिका स्वच्छ वाटते. खंड आहे, आणि खंड आहे असे सांगितले आहे. अनुमानित इतिहास प्रमाण संहितेत मिसळलेला नाही. ज्याला तो हवा त्याने तो जाणीवपूर्वक जोडावा. पण या स्वच्छतेचीही किंमत आहे. मुख्य भांडारात एखादी जुनी ओळ कोणी लिहिली असे विचारले, की उत्तर म्हणून ती पहिली नोंद पुढे येते आणि लेखक म्हणून टॉरवॉल्ड्स यांचे नाव येते. १९९१पासून २००५पर्यंत शेकडो लोकांनी लिहिलेल्या ओळी रकान्याच्या लेखी एका माणसाच्या झाल्या आहेत. टिपेत खंड मान्य केलेला असला, तरी लेखकाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. लिपिकार मूळ ग्रंथाचा कर्ता ठरावा, तसा हा प्रकार आहे. आणि तो कोणाच्या अप्रामाणिकपणातून घडलेला नाही, नोंदीच्या रचनेतून घडलेला आहे. मौनालाही येथे कर्ता लागतो.

५

दुसऱ्या टोकाचे उदाहरण 'जीसीसी' या संकलक-प्रणालीचे आहे. तिच्या भांडारातील इतिहास १९८८पर्यंत मागे जातो. ते २००५मध्ये 'सीव्हीएस'मधून 'सबव्हर्जन'मध्ये आणि जानेवारी २०२०मध्ये 'सबव्हर्जन'मधून 'गिट'मध्ये गेले. दुसऱ्या स्थलांतराच्या वेळी सुमारे २ लाख ८० हजार आवृत्ती-क्रमांकांचा प्रश्न होता. रूपांतराचे दोन प्रतिस्पर्धी प्रयत्न पुढे आले, त्यांची तुलना झाली, दीर्घ वाद झाला. आणि अखेर रेमंड यांच्या 'रिपोसर्जन' या साधनाने केलेले रूपांतर स्वीकारले गेले. दोन्ही रूपांतरे एकाच मूळ भांडारापासून निघालेली असूनही त्यांचे निष्पन्न इतिहास एकसारखे नव्हते. स्थलांतर हे वहन असते, तर दोन वाहकांनी पोहोचवलेली वस्तू एकच असायला हवी होती. येथे मात्र एका मूलादर्शापासून दोन संपादकांनी दोन संहिता सिद्ध केल्या.

स्वीकृत संहितेत संपादनाचे अनेक थर दिसतात. जुन्या पद्धतीत बदल दाखल करणारा आणि बदल लिहिणारा पुष्कळदा निराळे असत. खऱ्या लेखकाचे नाव 'चेंजलॉग' नावाच्या, हाताने लिहिलेल्या फायलींत असे. रूपांतर करणाऱ्यांनी त्या फायली धुंडाळून लेखकाचा रकाना भरला. पुष्कळ जुन्या टिपांची पहिली ओळ केवळ तारीख आणि नावाची होती, ती शीर्षक म्हणून निरुपयोगी होती. तेथे दोषनोंदींच्या कोशातील शीर्षके घेऊन नव्या पहिल्या ओळी रचल्या गेल्या. पूर्वी वगळलेल्या आणि मृत ठरलेल्या शाखा फेकून दिल्या नाहीत. त्या अशा वेगळ्या दालनात ठेवल्या आहेत की, सामान्य रीतीने भांडाराची प्रत घेणाऱ्याकडे त्या येत नाहीत, पण मागितल्यास मिळतात. आणि 'सबव्हर्जन'मधून आलेल्या नोंदींच्या अखेरीस 'फ्रॉम-एसव्हीएन' अशी एक ओळ असून तिच्यात मूळ आवृत्ती-क्रमांक दिलेला आहे.

हे काम आदराने पाहावे असे आहे. मृत शाखांचे दालन म्हणजे पाठभेदांचे परिशिष्टच होय. आणि शेवटची ओळ पोथीच्या पुष्पिकेचे काम करते, ही प्रत कशावरून उतरवली ते सांगते. 'चेंजलॉग'वरून भरलेला लेखकाचा रकाना तर पूर्वीच्या खातेनावापेक्षा अधिक सत्य आहे. ज्यांचे श्रम दुसऱ्याच्या नावाखाली दडले होते, त्यांना त्यांचे कर्तृत्व परत मिळाले. येथे प्रस्तुत लेखाच्या प्रतिपादनावर एक सबळ आक्षेप संभवतो. रूपांतराने इतिहास अधिक खरा होत असेल, तर त्याला संपादन म्हणून संशयाने का पाहावे?

याचे उत्तर असे की, सत्यता आणि साक्ष या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लेखकाचे नाव खरे असू शकते आणि तरीही ते त्या नोंदीने दिलेले नसून नंतरच्या कोणीतरी दुसऱ्या कागदावरून तेथे आणलेले असू शकते. 'गिट'च्या लेखक-रकान्यात नाव, पत्ता आणि काळ यांना जागा आहे. हे नाव कशावरून कळले, याला जागा नाही. त्यामुळे स्थलांतरानंतर एखाद्याने स्वतः दाखल केलेली नोंद आणि १९९०च्या दशकातील अनुमानित नोंद समोरासमोर ठेवल्या, तर त्या एकाच दर्जाच्या भासतात. पुष्पिका नोंदीचा उगम सांगते. नोंदीतील कोणता भाग उगमातला आणि कोणता संपादकाचा, हे ती सांगत नाही. ते जाणण्यासाठी मूळ भांडार उघडून दोन्ही ताडून पाहावी लागतात, आणि तेवढे कष्ट बहुतेक वाचक घेत नाहीत.

६

आपल्याकडील संहितासंपादनाच्या परंपरेने या प्रश्नाला दोन निरनिराळी उत्तरे दिलेली आहेत. शके १५०६मध्ये, म्हणजे इ. स. १५८४मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठांतरांमुळे ग्रंथ विस्कळीत झाला होता म्हणून आपण ते काम केले, असे त्यांनी अखेरच्या ओव्यांत काळासह नोंदवले, आणि पुढे कोणी त्यात ओवीची भर घालू नये असेही बजावले. ही एका जबाबदार संपादकाची पुष्पिका आहे. परंतु कोणत्या प्रती समोर होत्या, कोणत्या ठिकाणी कोणता पाठ टाकला आणि कोणता घेतला, याची नोंद त्यांनी मागे ठेवलेली नाही. त्या काळच्या संपादनाकडून ती अपेक्षाही नव्हती. परिणाम असा की, एकनाथपूर्व पाठाचा शोध हा पुढे स्वतंत्र संशोधनाचा विषय झाला, आणि १९०९मध्ये वि. का. राजवाडे यांनी आपली प्रत प्रसिद्ध केल्यापासून तो वादाचाही विषय झाला. उत्तम संपादन जितके निर्दोष, तितके ते आपल्या पूर्वरूपांना अदृश्य करते. ग्रंथ वाचला, पण त्याचा मधला इतिहास एका वाक्यात मिटला.

दुसरे उत्तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे आहे. वि. सी. सुखटणकर यांनी संपादिलेले आदिपर्व १९३३मध्ये पूर्ण झाले, आणि सर्व पर्वांचे काम १९६६मध्ये. त्या आवृत्तीत वर सिद्ध संहिता आणि खाली पाठभेद, अशी पृष्ठाची मांडणी आहे. येथे महत्त्वाची आहे ती एक लहानशी मुद्रणखूण. जेथे संपादकाला आपल्या निवडीची पुरेशी खात्री नाही, तेथे सिद्ध संहितेतील शब्दांखाली नागमोडी रेघ छापलेली आहे. ती रेघ वाचकाला सांगते : हा शब्द वाचा, पण याच्यावर भार टाकताना जपा. संपादकाचे अनुमान संहितेत आहे आणि ते अनुमान म्हणून दिसते आहे, ही दोन्ही कामे ती रेघ एकाच वेळी करते.

भांडारांच्या स्थलांतरात उणीव आहे ती या नागमोडी रेघेची. ती अशक्य नाही, हे दोन उदाहरणांवरून दिसते. 'मी ही नोंद घडवली आहे' असे सांगणारे 'सीव्हीएस-टू-एसव्हीएन'चे वाक्य, ज्याचा उल्लेख वर आला, ही एक अशी रेघच होती. दुसरे उदाहरण दिओमिदिस स्पिनेलिस यांनी रचलेल्या युनिक्सच्या इतिहास-भांडाराचे आहे. १९७०च्या दशकातील आरंभीच्या युनिक्सला आवृत्ती-नियंत्रणाची नोंद नव्हतीच. शिल्लक होती ती काही क्षणांची जपलेली रूपे. त्यांवरून, फायलींवरील काळ आणि अन्य कागदपत्रांतील कर्तृत्वाचे उल्लेख वापरून, स्पिनेलिस यांनी 'गिट'चा सलग इतिहास उभा केला. हे रूपांतरापेक्षाही पुढचे पाऊल आहे. ही लुप्त संहितेची पुनर्रचना आहे. तरीही, किंबहुना म्हणूनच, अशा नोंदींच्या टिपेत ती नोंद कोणत्या साधनावरून संश्लेषित केली, हे सांगणारी ओळ त्यांनी घातली आहे. अनुमानाचे प्रमाण सर्वाधिक असलेले भांडार अनुमानाची कबुली सर्वांत स्पष्टपणे देते, हे बोलके आहे.

येथे दोन शंकांचा विचार करणे आवश्यक आहे. पहिली : आज्ञावलीचा इतिहास हा उपयुक्ततेसाठी असतो, दोष केव्हा शिरला हे कळले की पुरे, त्याला महाभारताच्या संहितेचे निकष लावणे अप्रस्तुत आहे. याला उत्तर असे की, कर्तृत्व, मालकी आणि परवाना यांचे वाद याच नोंदींच्या आधारे लढवले जाऊ शकतात. साक्षीचा दर्जा हा तेथे व्यवहारातलाच प्रश्न आहे. दुसरी शंका : जुने भांडार तर शाबूत असते, 'जीसीसी'नेही ते केवळ वाचनासाठी ठेवले आहे, मग हानी कोणती? परंतु मूळ प्रत शाबूत असणे आणि ती वाचली जाणे यांत अंतर आहे. वाचण्यासाठी जुनी साधने चालू राहावी लागतात, ती ठेवणारी संस्था टिकावी लागते. गूगलची 'गूगल कोड' ही भांडारसेवा जानेवारी २०१६मध्ये बंद झाली. 'बिटबकेट'ने २०२०मध्ये 'मर्क्युरिअल' व्यवस्थेतील भांडारांची सोय काढून टाकली. २०१६मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेल्या 'सॉफ्टवेअर हेरिटेज' या संग्रहासारखे प्रयत्न अशा वेळी मोलाचे ठरतात. पण संग्रहात असणे म्हणजे वाचकाच्या हाती असणे नव्हे. वाचकाच्या हाती असते ती नवी संहिता, आणि काही काळानंतर तीच मूळ मानली जाते.

७

वरील विवेचनावरून काही सूत्रे मांडता येतील. पहिले, स्थलांतर करणाऱ्याने स्वतःला संपादक समजावे आणि आपल्या निर्णयांची जबाबदारी घ्यावी. दुसरे, मूळ भांडार आहे त्या स्थितीत जपावे, आणि प्रत्येक नव्या नोंदीतून त्याच्याकडे परत जाता यावे. तिसरे, अनुमान जेथे केले तेथेच, त्याच नोंदीत, ते अनुमान असल्याची खूण असावी; वेगळ्या निवेदनात दिलेली कबुली नोंदीबरोबर प्रवास करीत नाही. चौथे, रूपांतराची रीत उघड असावी. या शेवटच्या बाबतीत संगणकीय संपादक आपल्या पूर्वसूरींपेक्षा भाग्यवान आहे. 'रिपोसर्जन'ला दिलेल्या आज्ञांची यादी जपून ठेवली, तर दुसरा संपादक तीच रीत पुन्हा चालवून पाहू शकतो, एखादा निर्णय बदलून निष्पत्ती ताडू शकतो. एकनाथांचा निर्णय आपल्याला पुन्हा करून पाहता येत नाही; हा निर्णय करून पाहता येतो.

मराठीच्या अभ्यासकाला या चर्चेचे प्रयोजन दूरचे नाही. १९९०च्या दशकात आपल्याकडील असंख्य मजकूर निरनिराळ्या मुद्राक्षरसंचांच्या स्वतंत्र संकेतांत टंकित झाला, आणि पुढे तो युनिकोडमध्ये रूपांतरित केला गेला. त्यात कोणते जोडाक्षर यंत्राने ओळखले, कोणते कोणी हाताने सुधारले, कोणते तसेच चुकीचे राहिले, याची नोंद सहसा ठेवली गेलेली नाही. आज जी संगणकीय संहिता संशोधक उद्धृत करतो, ती अशा मूक स्थलांतरांतून आलेली असू शकते. यापुढे ज्या संगणकीय चिकित्सित आवृत्ती मराठीत तयार होतील, त्या आवृत्ती-नियंत्रणाखाली तयार करणे सहज शक्य आहे, आणि ते इष्टही आहे. मात्र त्यांनाही केव्हा तरी दुसऱ्या व्यवस्थेत जावे लागेल, हे आरंभापासून गृहीत धरले पाहिजे. त्या वेळी इतिहास 'अबाधित' राहिला, एवढे विधान पुरेसे मानू नये. कोणत्या शब्दांखाली नागमोडी रेघ आहे, हे विचारण्याचा अधिकार वाचकाला आहे, आणि ती रेघ काढणे हे संपादकाचे कर्तव्य आहे.